कोळशात पाचट मिसळून जाळण्याची चाचणी : १०० किलोवॅटची भट्टी, वजनकाटा आणि राख

जानेवारी-फेब्रुवारीत कराडवरून पलूसकडे रात्री गाडीनं या. ऊसतोड पुढं सरकलेली असते आणि मागच्या फडात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटलेलं असतं. त्याच पट्ट्यात कुणी बॉयलरसाठी ट्रकनं कोळसा आणतो. साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांतही (वाफेबरोबर वीजही करणाऱ्या) बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, संपला की बिगरहंगामात कोळसाच लागतो. एकाच्या रानात जाळ वाया जातोय आणि दुसरा जाळ विकत घेतोय, हे पाहून इंजिनिअरिंगच्या मुलांपासून कारखानदारांपर्यंत अनेकांच्या मनात एकच प्रश्न येतो : कोळशात पाचट मिसळून चालवलं तर?

प्रश्न नवा नाही. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीनं २०१७ पासून उत्तर प्रदेशातल्या दादरीच्या औष्णिक केंद्रात कोळशाबरोबर बायोमास पेलेट (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) जाळून पाहिले आणि २०२१ मध्ये ऊर्जा मंत्रालयानं औष्णिक केंद्रांसाठी ५ टक्के मिश्रणाचं धोरण आणलं. पण तिकडचा पेंढा, तिकडचा कोळसा आणि तिकडचा बॉयलर यांचं उत्तर आपल्या पाचटाला लागू पडेलच असं नाही. त्यासाठी आपल्याच मालावर लहान भट्टीत चाचणी घ्यावी लागते. ती कशी घ्यायची ते इथं सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो. सगळं पाचट जाळायचं नाही. ते रानात कुजलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, ओल टिकते. खोडव्यात पाचट ठेवणाऱ्या शेतकऱ्याकडून ते मागू नका. जो आज पेटवतोच आहे, त्याच्याकडून घ्या.

भट्टी केवढी हवी

प्रयोगशाळेत ग्रॅमभर माल जळतो आणि त्यातून फक्त इंधनाचे गुण कळतात. जाळ कसा वागतो, राख कुठं चिकटते, फीडर कुठं अडतो हे कळायला तासाला दहा-वीस किलो जाळणारी भट्टी लागते. माझ्या मते १०० किलोवॅट उष्णतेची भट्टी सोयीची. इंधन माणसाला उचलता येतं, आणि चूक झाली तरी आवरता येते.

१०० किलोवॅट म्हणजे तासाला सुमारे ८६,००० किलोकॅलरी. कोळशाचं उष्मांक मूल्य किलोला ४,५०० किलोकॅलरी धरलं तर तासाला १९ किलो कोळसा. उष्णतेच्या हिशेबानं ३० टक्के पाचट घालायचं, आणि त्याचं मूल्य ३,६०० धरलं, तर पाचट ७.२ किलो आणि कोळसा १३.४ किलो. म्हणजे उष्णतेचे ३० टक्के हे वजनाचे ३५ टक्के होतात. नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहा : आपला टक्का वजनाचा की उष्णतेचा? हे न लिहिल्यामुळं दोन गटांचे आकडे जुळत नाहीत आणि मग उगाच वाद होतात. मी कायम उष्णतेचा टक्का धरतो.

आता आकारमान बघा. मोकळं, कुट्टी केलेलं पाचट घनमीटरला साधारण ५० किलो भरतं, कोळसा ८०० च्या वर. तासाला कोळसा १६-१७ लिटर लागणार, तर पाचट जवळजवळ १४५ लिटर. वजनानं निम्मं आणि आकारानं नऊ पट. त्यामुळं कोळशाच्या हॉपरमध्ये (इंधन ओतायच्या नरसाळ्यात) पाचट मिसळून ओतायचा विचार सोडा. ते वर तरंगतं, इंधन पुढं ढकलणाऱ्या स्क्रूवर पूल धरतं आणि भट्टीला आलटून पालटून उपाशी ठेवतं. पेलेट करून घ्या (घनमीटरला सहाशे किलोच्या आसपास भरतात) किंवा पाचटाला वेगळा हॉपर आणि वेगळा स्क्रू द्या. बाजारात व्हाइट कोल म्हणून मिळणारे ब्रिकेट, म्हणजे काडीकचरा दाबून केलेले जाड ठोकळे, मोठ्या शेगडीच्या बॉयलरला ठीक. इतक्या लहान भट्टीला ते जाड पडतात.

भट्टीची मापं

शेगडीवरची भट्टी स्वस्त पडते, पण मिश्र इंधनाला मी रेतीचा बेड (थर), म्हणजे एफबीसी (फ्लुइडाइज्ड बेड कम्बशन), पसंत करतो. खालून हवा सोडली की तापलेली रेती उकळत्या काहिलीतल्या रसासारखी खदखदते आणि ओलं-सुकं, जाड-बारीक सगळं इंधन सांभाळून घेते. बेडचं तापमान ८५० अंशांच्या आसपास राहत असल्यामुळं हवेतल्या नायट्रोजनपासून ऑक्साइड जवळपास होत नाहीत. जे होतात ते इंधनातल्या नायट्रोजनचे. शिवाय त्याच तापमानाला चुनखडी गंधक उत्तम पकडते.

हवेचा हिशेब असा. १०० किलोवॅटला जेमतेम पुरेल अशी हवा तासाला साधारण १२० किलो. त्यावर ४० टक्के जादा धरली की १६५ ते १७० किलो. ब्लोअर घेताना आपण समुद्रसपाटीवर नाही हे विसरू नका. सांगली सुमारे ५५० मीटरवर आणि सातारा ७०० च्या वर आहे. तेवढ्यानं हवा सांगलीत ६ टक्के आणि साताऱ्यात ८ टक्के विरळ होते. ३० अंश तापमानाला सांगलीत ही हवा तासाला दीडशे घनमीटरच्या थोडी वर जाते. कॅटलॉगमधला ब्लोअर या हिशेबानं थोडा मोठा घ्या.

यातली ६५ टक्के हवा खालून, उरलेली ३५ टक्के बेडच्या वरून द्यायची. खालची हवा ८५० अंशांना फुगून पावणेचार पट होते. बेडमधला वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत ठेवायचा तर आतला व्यास ३०० मिलिमीटर येतो. वरचा भाग ४०० मिलिमीटर रुंद आणि किमान ३ मीटर उंच ठेवा, म्हणजे वायूला दोन सेकंदांहून जास्त वेळ मिळतो. वरच्या हवेबाबत कंजुषी करू नका. कोळशात ज्वलनशील वायू पाव भाग असेल, तर पाचटात ते कोरड्या वजनाच्या ७० ते ८० टक्के असतात. पाचट बेडमध्ये कमी आणि बेडच्या वर जास्त जळतं. वरची हवा जोरानं, वायू घुसळला जाईल अशी आली नाही, तर धुराड्यातून काळा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड जाणारच.

बेडमध्ये पाण्याची कॉइल लागते, नाहीतर कोळशावर तापमान हजाराच्या पार जाईल. ५० किलोवॅट काढायचे आणि पाणी ३० अंशच तापवायचं, तर तासाला सुमारे दीड हजार लिटर पाणी फिरायला हवं. बाहेर पडणारं पाणी उघड्या टाकीत सोडा, मध्ये व्हॉल्व्ह ठेवू नका, म्हणजे दाब कोंडणारच नाही. वाफ दाबाखाली ठेवायची झाली तर बॉयलरचा कायदा लागतो. आधी बॉयलर निरीक्षकाच्या कार्यालयात जाऊन विचारा. आणि छपरावर ५०० लिटरची टाकी ठेवा. लाइट गेली, पंप थांबला, तरी त्या टाकीतून वीस मिनिटं पाणी उताराने येत राहील. आपल्याकडं लाइट जाते, हे गृहीत धरूनच भट्टी बांधायची.

रेती

२५ सेंटिमीटर थराला २६-२७ किलो रेती पुरते. नदीची वाळू नको. तिच्यात बेसाल्टचे कण आणि माती असते. कुपवाड-मिरजेच्या फाउंड्रींना सिलिका सँड पुरवणारे विक्रेते आहेत, त्यांच्याकडून ०.६ ते १ मिलिमीटरची चाळलेली घ्या. पाचटाचा टक्का वाढवणार असाल तर फुटक्या फायर ब्रिकचा चुरा त्याच मापात चाळून ठेवा. का, ते पुढं येतं.

इंधनाचा नमुना

चाचण्या इथंच बिघडतात, त्यामुळं वेळ द्या. ढिगाच्या वरून मूठभर उचलून लॅबला पाठवू नका. निदान दहा ठिकाणांहून, आतूनही, माल काढा. ताडपत्रीवर शंकू करा, दाबून सपाट करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. किलोभर उरेपर्यंत हेच. मग लगेच जाड पिशवीत हवाबंद करा. दुपारच्या उन्हात तासभर उघडा राहिलेला नमुना ओलाव्याचं खोटं सांगतो.

लॅबला स्पष्ट लिहून द्या : कोळशाची राख ८१५ अंशांवर काढा, पाचटाची ५५० वर. पाचटाची राख ८१५ वर काढली तर त्यातले क्षार उडून जातात आणि नेमकं ज्याची भीती आहे तेच अहवालात दिसत नाही. ओलावा, वायू, राख, उष्मांक आणि गंधक यांच्याबरोबर क्लोरीन आणि राखेतलं पोटॅशियम मागा. खर्च वाढतो, पण या दोन आकड्यांशिवाय चाचणीला अर्थ नाही.

बगॅस आणि पाचट एकाच उसाचे असूनही जाळात वेगळे का वागतात? बगॅस गाळपात पाण्यानं धुतला जातो, त्यातला बराचसा पालाश, म्हणजे पोटॅशियम, रसाबरोबर निघून जातो. पाचट कधी धुतलंच जात नाही. शेतकऱ्यानं घातलेल्या पालाशातला वाटा पानात तसाच राहतो, सोबत क्लोरीन. म्हणून एप्रिल-मेच्या वळवात भिजून पुन्हा वाळलेलं पाचट जाळायला जास्त चांगलं असतं. पावसानं क्षार धुऊन नेलेले असतात. दोन्ही तऱ्हेचे ढीग वेगळे ठेवा, वेगळे जाळा. बेलरनं गोळा केलेल्या गठ्ठ्यात काळी माती किती आलीय तेही पाहा. राखेचा आकडा मातीमुळं दुप्पट झालेला मी पाहिलाय.

पेटवण्याचा दिवस

सकाळी थंड भट्टीतच रेती उकळवून बघा. बेडच्या खाली आणि वर नळी जोडून रंगीत पाण्याची यू-नळी लावा. २५ सेंटिमीटर रेती नीट उकळत असेल तर फरक साधारण ३७५ मिलिमीटर दिसतो, आणि पाण्याची पातळी सतत डुचमळत असते. हे डुचमळणं डोळ्यात भरून ठेवा.

मग लोणारी कोळसा पसरून, डिझेलचा बोळा टाकून, हवा अगदी मंद ठेवून बेड तापवा. बेड ६०० अंशांवर गेल्यावर दगडी कोळसा चिमटीचिमटीनं. जाळ विझला तर फीडर बंद करून पाच मिनिटं नुसती हवा सोडा, मगच पुन्हा पेटवा. साठलेल्या वायूला ठिणगी लागली तर स्फोट होतो. घाई करू नका. वरच्या भागात दाब नेहमी किंचित उणा, पाण्याचे २ ते ५ मिलिमीटर, राहील असा आयडी फॅन (धूर ओढून घेणारा पंखा) ठेवा. नाहीतर पाचटाच्या स्क्रूमधून जाळ मागं हॉपरकडं चढतो. हॉपरखाली रोटरी व्हॉल्व्ह आणि शेजारी पाण्याचा पाइप असायलाच हवा. शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. या वायूला वास नसतो.

कोणती मिश्रणं, कोणत्या क्रमानं

आधी शुद्ध कोळसा. मग उष्णतेच्या हिशेबानं १०, २०, ३०, ५० टक्के पाचट, पण चढत्या क्रमानं नाही, चिठ्ठ्या टाकून. शेवटी पुन्हा शुद्ध कोळसा. पहिली आणि शेवटची चाचणी जुळली नाही तर मधलं काही विश्वासाचं नाही, कारण भट्टी दरम्यान बदललीय. प्रत्येक मिश्रणावर तापमानं दीड-दोन तास स्थिर झाल्यावरच मोजायला सुरुवात करा.

स्थिर म्हणजे ऑक्सिजनही स्थिर. धुराड्यात ६ टक्के ऑक्सिजन म्हणजे ४० टक्के जादा हवा : ६ ला (२१ वजा ६) नं भागा. १० टक्के दिसला तर ९१ टक्के जादा. एक चाचणी ६ वर आणि दुसरी १० वर घेऊन कार्बन मोनॉक्साइडची तुलना केली तर ती खोटी. जादा हवेनं पातळ झालेला आकडा लहान दिसतो, जाळ सुधारलेला नसतो. सगळे आकडे एकाच ऑक्सिजनवर आणा : मोजलेल्या आकड्याला (२१ वजा ठरवलेला) नं गुणा आणि (२१ वजा मोजलेला) नं भागा.

गंधकासाठी चुनखडी फार लागत नाही. १३.४ किलो कोळशात अर्धा टक्का गंधक धरला तर तासाला ६७ ग्रॅम. कॅल्शियमचं गंधकाशी प्रमाण (मोलच्या हिशेबानं) अडीच पट ठेवलं तरी चुनखडी अर्धा किलो पुरते. पाचटानं गंधक आपोआप कमी होतो, कारण त्यात तो मुळात कमी. तेव्हा त्याचं श्रेय चुनखडीला देऊ नका. चुनखडीसह आणि चुनखडीविना अशा दोन्ही चाचण्या घ्या.

राख, जिच्यासाठी हे सगळं

आमच्या सुरुवातीच्या एका चाचणीत आम्ही नुसते पाचटाचे पेलेट लावले होते. पहिले चार तास इतके सुंदर गेले की सगळ्यांनी समाधानानं चहा घेतला. धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नगण्य. अहवाल लिहायलाही बसलो. सहाव्या तासाला मला यू-नळीतलं पाणी गप्प वाटलं. डुचमळणं थांबलं होतं आणि फरक हळूहळू उतरत होता. बेडमधल्या दोन थर्मोकपलांचे (तापमान मोजणाऱ्या तारांचे) आकडे तोवर पाच-सात अंशांच्या फरकानं जोडीनं चालत होते. आता एक ७८० वर आणि दुसरा ९४० वर. आम्ही हवा वाढवली, ती रेतीला भोक पाडून सरळ वर गेली. दुसऱ्या दिवशी बेड उघडला तर आत रेती नव्हती, ढेप होती. गुळाची ढेप काढावी तशी ती पहारीनं काढावी लागली, थर्मोकपल तिच्यातच अडकलेला. फोडल्यावर रेतीचे कण हिरवट काचेच्या पातळ थरानं एकमेकांना चिकटलेले स्पष्ट दिसत होते.

झालं होतं असं. पाचटातला पालाश रेतीतल्या सिलिकाशी मिळून काच करतो, आणि ती काच साधारण ७५० अंशांपासूनच मऊ पडायला लागते. आपला बेड ८५० चा. पहिल्या तासांत थर पातळ असतो, म्हणून काही कळत नाही. चार तासांच्या चाचणीवर माझा तेव्हापासून विश्वास नाही. निवडलेल्या मिश्रणावर सलग २४ तास, जमलं तर ४८ तास चालवा. दर दोन तासांनी मूठभर बेड काढा, थंड करा, १ मिलिमीटरच्या चाळणीनं चाळा, वर राहिलेले गड्डे तोला. गड्ड्यांचं वजन वाढत चाललं तर बेड बसण्याच्या कित्येक तास आधी कळतं.

कोळसा इथं मदतीला येतो. त्याच्या राखेत चिकणमातीसारखे अॅल्युमिनियम-सिलिकेट असतात; ते पालाशाला स्वतःकडं ओढून घेतात आणि जास्त तापमानाला वितळणारी संयुगं करतात. फायर ब्रिकचा चुरा किंवा चिनी माती तेच काम करते. कोळशातला गंधकही पोटॅशियम क्लोराइडचं सल्फेट करतो, आणि सल्फेट पोलादाला कमी खातं. म्हणजे आपल्या राखाळ कोळशाचा दोष पाचटाच्या दोषावर उतारा ठरतो. कमी राखेचा आयात कोळसा वापरलात तर हा उतारा कमी मिळेल. एका कोळशावर ठरवलेला टक्का दुसऱ्या कोळशाला लावू नका.

हिशेब

कार्यक्षमतेसाठी आयएस ८७५३ मधली अप्रत्यक्ष पद्धत घ्या : इंधनातून १०० आले असं धरून एकेक तोटा वजा करायचा. धुराड्यात १८० अंश, बाहेर ३० अंश आणि ऑक्सिजन ६ टक्के असेल तर कोरड्या वायूबरोबर साधारण ७ टक्के जातात. ऑक्सिजन १० वर गेला की तोच तोटा पावणेदहाच्या घरात. इंधनातलं प्रत्येक किलो पाणी सुमारे ६५० किलोकॅलरी घेऊन जातं.

राखेतला न जळालेला कार्बन मात्र लोक सोडून देतात. वरच्या ३० टक्के मिश्रणात कोळशाची राख ३५ टक्के आणि पाचटाची ७ टक्के धरली तर तासाला ५.२ किलो राख पडते. तिच्यात १० टक्के कार्बन राहिला तर अर्ध्या किलोहून जास्त कार्बन, म्हणजे ४,६०० किलोकॅलरी, म्हणजे ५.४ टक्के तोटा. जवळपास धुराड्याएवढाच. म्हणून बेडची आणि धुरातली राख पकडणाऱ्या सायक्लोनची व बॅग फिल्टरची राख वेगळी तोला, वेगळ्या बाटल्यांत भरा; कार्बन बहुधा सायक्लोनच्या राखेत जास्त सापडतो. तीन ठिकाणची राख मिळून इंधनातून आलेल्या राखेच्या ९० टक्केही भरत नसेल, तर कार्यक्षमतेचा आकडा छापू नका. आधी ती राख कुठं गेली ते शोधा.

मोठ्या बॉयलरवर जाण्याआधी

लहान भट्टीत सुपरहीटर (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्या) नसतो, आणि सहवीज बॉयलरमध्ये पाचट पहिल्यांदा खातं ते सुपरहीटरलाच. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. स्टीलची नळी घ्या, आतून हवा फिरवून तिची बाहेरची कातडी ५०० अंशांवर ठेवा आणि ७५०-८०० अंशांच्या वायूच्या वाटेत घाला. दर सहा तासांनी बाहेर काढून साठलेला थर खरवडा, तोला, क्लोरीन तपासा. शुद्ध कोळशावरचा थर सहसा भुरभुरीत, करडा; पाचट वाढलं की तो पांढरट आणि चिवट होत जातो. ज्या टक्क्यावर हा बदल दिसतो, त्याच्या निम्म्यापासून मोठ्या बॉयलरवर सुरुवात करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात इंधनाचं नाव लिहिलेलं असतं, तेव्हा ते काम आधी करून घ्या. पाचटाचा ढीग बॉयलर हाउसला लागून लावू नका, आणि बॉयलर चालवणाऱ्या फायरमनला चाचणीच्या चोवीस तासांपैकी एक पाळी तरी लहान भट्टीपाशी यू-नळीसमोर बसवा. डुचमळणारं पाणी गप्प कसं होतं, ते त्यानं स्वतः पाहिलेलं असू द्या.